झाकली मूठ आणि शेजारची शाळा

सप्रेम नमस्कार.

मी एका मध्यम पटाच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या परिसरात चार शाळा आहेत आणि मुलं मोजकीच. प्रवेश सुरू झाले की आम्ही चौघे मुख्याध्यापक रस्त्यात समोरासमोर आलो तरी घाईत असल्याचं सोंग करतो. निकालाच्या दिवशी तर विचारूच नका.

शेजारच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले आहेत. परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, गणित-विज्ञानाचे आपले शिक्षक एकत्र बसू देत, एकमेकांचे तास पाहू देत, चाचण्या मिळून काढू देत. माणूस सरळ वाटतो. पण आमचे संस्थाचालक म्हणतात, "आपली मेहनत दुसऱ्याच्या घशात घालू नका." त्यांना चूक तरी कसं म्हणू? तीन वर्षांपूर्वी, आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळात, आमच्या शिक्षकांनी कष्टाने केलेल्या गणिताच्या कृतिपत्रिका आम्ही त्या शाळेला दिल्या होत्या. पुढच्या प्रवेशांच्या वेळी त्याच कृतिपत्रिका त्यांच्या माहितीपत्रकात, त्यांच्या नावाने! त्याच वर्षी आमची एक उत्तम शिक्षिकाही तिकडे गेली. आम्ही भांडलो नाही. नुसतं येणं-जाणं बंद केलं.

इकडे आमची अडचण अशी की सहावीपासून मुलं गणितात गळपटतात, आणि का ते आमच्या शिक्षकांना नेमकं सापडत नाही. विज्ञानाला एकच शिक्षक. त्यांच्याशी त्यांच्या विषयातलं बोलणारं शाळेत दुसरं कुणी नाही.

जिथे वर कोण आणि खाली कोण हेच मोजलं जातं, तिथे सहकार्याची भाषा करणारी मी भाबडी आहे का? पुढच्या महिन्यात संस्थेच्या बैठकीत मला उत्तर द्यायचं आहे.

एक मुख्याध्यापिका

ता. क. पहिली भेट आमच्या शाळेत ठेवावी की त्यांच्या? आमच्या पर्यवेक्षकांना वाटतं की आपण गेलो तर कमीपणा येईल.

*

बाई,

भाबड्या तुम्ही नाही. भाबडा माणूस तीन वर्षांपूर्वीच्या कृतिपत्रिका आठवून पत्र लिहीत बसत नाही, फोन ठेवायच्या आधीच हो म्हणून मोकळा होतो. तुमचं दुधाने तोंड पोळलं आहे. ताक फुंकून प्या, माझी काही हरकत नाही. पण प्यायचंच नाही असं ठरवू नका.

आधी तुमच्या संस्थाचालकांच्या बाजूने बोलतो, कारण त्या बैठकीत मी नसेन, ते असतील. त्यांचा हिशोब खरा आहे. परिसरातली मुलं ठरलेली असतील तर शेजारच्या शाळेचा पट वाढला की कुणाचा तरी कमी होणार. यादीत पहिला नंबर एकाच शाळेचा येतो. अशा ठिकाणी "आपण सगळे शिक्षणाचे सेवक" वगैरे भाषण दिलंत तर ते मान डोलावतील आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलतील. मुळात शाळा एकमेकींशी अशा वागतात त्यात त्यांच्या स्वभावाचा भाग थोडा आणि खेळाच्या नियमांचा जास्त. इंग्लंडमध्ये १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने पालकांना शाळा निवडण्याची मोकळीक वाढवली आणि शाळेला मिळणारा पैसा मुलांच्या संख्येला बांधला. १९९२ पासून शाळाशाळांचे निकाल जाहीर होऊ लागले आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या क्रमवाऱ्या लावल्या. न्यूझीलंडने १९८९ मध्ये प्रत्येक शाळेचा कारभार तिच्या स्वतंत्र मंडळाकडे सोपवला. काल एकमेकांना खडूची पेटी उसनी देणारी माणसं उद्या फाटकं लावून घेतात ती अशा नियमांमुळे. ती अचानक वाईट झालेली नसतात.

पण त्याच हिशोबाची दुसरी बाजू संस्थाचालकांना दाखवायची राहून जाते. शाळेतल्या काही गोष्टी वाटल्या जातात, काही वाटल्या जात नाहीत. पट वाटला जातो, नंबर वाटला जातो, गावभरचं नाव थोडंफार वाटलं जातं. पण तुमच्या सहावीतल्या मुलीला अपूर्णांकांचा भागाकार कळला म्हणून शेजारच्या शाळेतल्या मुलाचा विसरला जात नाही. तुमच्या विज्ञानाच्या सरांना प्रयोग मांडायची नवी रीत सापडली म्हणून तिकडच्या सरांची प्रयोगशाळा ओस पडत नाही. तुमच्या पत्रात दोन्ही गोष्टी एकाच दमात आल्या आहेत. बैठकीत त्या निरनिराळ्या काढून ठेवा. कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे वाटलं जाणारं, उजवीकडे न वाटलं जाणारं. सहकार्य करायचं ते उजवीकडच्या गोष्टींत. डावीकडे स्पर्धा आहे तशी राहू द्या, ती लपवूही नका. प्रवेशाच्या दिवसांत तुम्ही दोघे प्रतिस्पर्धीच असाल, आणि हे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलून टाकलं तर पुढची बरीच अवघडलेली हसू वाचतील.

आता शेजारीच का, हा प्रश्न. इथे मला लंडनची गोष्ट उपयोगी वाटते. २००३ मध्ये तिथे माध्यमिक शाळांसाठी 'लंडन चॅलेंज' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि २०११ पर्यंत चालला. क्रमवाऱ्या रद्द झाल्या नव्हत्या, पालकांची निवड तशीच होती, म्हणजे स्पर्धा होतीच. त्यांनी एक साधी गोष्ट केली. शाळांची 'कुटुंबं' लावली. जवळ कोण आहे ते बाजूला ठेवून सारखं कोण आहे ते पाहिलं: मुलं कोणत्या पातळीवर शाळेत येतात, किती घरांत गरिबी आहे, अशा गोष्टी. मग प्रत्येक शाळेला तिच्या कुटुंबातल्या बाकी शाळांची आकडेवारी नावानिशी दिली. आता मुख्याध्यापकाला दिसायचं की अगदी आपल्यासारख्याच मुलांना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा गणितात आपल्या कितीतरी पुढे आहे. "आमच्याकडे मुलंच तशी येतात" ही आपली सगळ्यांची लाडकी सबब तिथेच संपली. शिवाय ती शाळा दूर असल्यामुळे तिच्याकडे जाऊन विचारायला संकोचही नव्हता, कारण तिची मुलं पळवण्याचा प्रश्नच नव्हता. २००८ मध्ये हीच पद्धत मँचेस्टरच्या परिसरात नेली. तिथले मुख्य सल्लागार मेल एन्स्को यांनी पुढे लिहिलं आहे की अशा जोड्यांत मदत करणाऱ्या शाळेचंही काम सुधारतं. मला त्यात नवल वाटत नाही. दुसऱ्याला समजावताना आपल्याला कळतं, हे शिक्षकांना सांगायला नको.

लंडनच्या निकालांनी त्या काळात खरोखर मोठी उडी घेतली, पण तिचं श्रेय कुणाला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते मुलांची सामाजिक घडण बदलली होती, काहींच्या मते सुधारणा आधी प्राथमिक शाळांत झाली आणि तीच मुलं वर आली. तेव्हा बैठकीत "लंडनमध्ये शाळा एकत्र आल्या आणि चमत्कार झाला" असं सांगू नका. कुणीतरी वाचून आलेलं असतं.

तुमच्यासाठी यातून निघतं ते असं की तुम्हाला एक नाही, दोन सोबती लागणार आहेत. सगळ्यात नाजूक प्रश्न, म्हणजे आमच्या शिक्षकाला हा धडा शिकवता येत नाही, आमच्या अमुक तुकडीत शिस्त उरलेली नाही, असे प्रश्न घेऊन तुम्ही लांबच्या, तुमच्यासारखी मुलं असलेल्या शाळेकडे जा. ओळखीत अशी शाळा नक्की निघेल, कुणाची तरी वर्गमैत्रीण कुठेतरी मुख्याध्यापिका असतेच. शेजारच्या शाळेशी मात्र असं काम करा ज्याला जवळपणाच लागतो. विज्ञानाच्या दोन एकट्या शिक्षकांनी पंधरवड्यातून एकदा तासभर समोरासमोर बसणं. आणि वर्षाच्या मध्येच तुमच्याकडून त्यांच्याकडे किंवा त्यांच्याकडून तुमच्याकडे येणारी मुलं.

या मुलांबद्दल थोडं थांबून लिहितो. स्पर्धेत सगळ्यात जास्त भरडली जातात ती हीच. निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून कच्च्या मुलाच्या पालकांना परीक्षेच्या वर्षाआधी गोड शब्दांत "तुम्हाला दुसरी शाळा बरी पडेल" असं सुचवलं जातं. इंग्लंडमध्ये या प्रकाराला 'ऑफ-रोलिंग' असं नावच पडलं आहे. बाकी ठिकाणी नाव नाही, प्रकार आहे. मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत येतं आणि त्याच्याबरोबर काहीच येत नाही. त्याला काय येतं, काय येत नाही, घरी काय चाललं आहे, चष्मा लागला आहे का, सगळं नव्या वर्गशिक्षिकेने पहिल्यापासून शोधायचं. तेवढ्यात सहामाही येते. दोन मुख्याध्यापकांनी इतकंच ठरवलं की आपल्या दोन शाळांत कोणतंही मूल इकडचं तिकडे गेलं तर आठवड्याच्या आत दोन्ही वर्गशिक्षकांनी, पालकांना सांगून, त्या मुलाबद्दल बोलायचं, तर कशाचंही उद्घाटन न करता मोठं काम झालं. यात कुणाचं गुपित फुटत नाही. उलट, मूल का जातं आहे हे दुसऱ्या शाळेला कळणार म्हटल्यावर पहिली शाळा त्याला घालवताना दोनदा विचार करते.

आता गणिताकडे. नव्या मुख्याध्यापकांनी एकमेकांचे तास पाहण्याचं सुचवलं आहे. चांगलं आहे, पण सुरुवात तासाने करू नका. याला कारण माझीच एक फजिती.

मी मुख्याध्यापक असताना दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक आमचे तास पाहायला येणार होते. आम्ही काय केलं? सगळ्यात हुशार तुकडी निवडली. धडा आदल्या दिवशी एकदा शिकवून घेतला. कोण कोणत्या प्रश्नाला हात वर करणार तेही ठरलं होतं, एका मुलाने तर प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच उत्तर दिलं. पाहुण्यांनी वाहवा केली, चहा घेतला, गेले. दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनीही आम्हाला तसाच खेळ दाखवला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, फक्त इथे दोन्ही घरांनी लपवलं. त्या दिवशी त्यांच्या एका शिक्षिकेला ऐनवेळी बरं वाटेना म्हणून आमच्यातले दोघे चुकून शेजारच्या वर्गात जाऊन बसले. तिथे दशांशाचा तास चालू होता आणि पार विस्कटलेला होता. अर्धा वर्ग ठामपणे सांगत होता की ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. तरुण शिक्षक घामाघूम. तास संपल्यावर आमचे दोघे आणि ते गृहस्थ दीड तास बोलत बसले, कारण ही चूक आमच्याकडेही तशीच होत होती आणि आम्ही ती हलगर्जीपणा समजून लाल शाईने कापत होतो. वर्षभराच्या देवघेवीतून आम्ही काही आणलं असेल तर तो दीड तास.

म्हणून तुम्ही उत्तरपत्रिकांपासून सुरू करा. पूर्ण पेपर नको. दोन्ही शाळांनी सहावीला एकच प्रश्न द्यायचा, समजा १/२ + १/३. दोन्हीकडून वीस-वीस उत्तरं घ्यायची, मुलांची आणि शाळेची नावं झाकायची, सगळी एका टेबलावर मिसळून पसरायची. मग गुण न देता नुसत्या चुकांच्या चळती लावायच्या. २/५ लिहिणाऱ्यांची एक चळत, छेद समान केला पण अंश तसाच ठेवला त्यांची दुसरी, उत्तर बरोबर पण रीत अगम्य अशी तिसरी. चळती लागल्या की शिक्षक आपोआप बोलायला लागतात: "हे माझ्याकडेही होतं", "मी चित्र काढून सांगते", "चित्राने होत नाही, माझी मुलं चित्र पाठ करतात". एकच सक्त नियम ठेवा. सरासरी काढायची नाही. सरासरी निघाली की तुलना निघते, तुलना निघाली की बैठक संपली.

हे तीन-चार वेळा झालं, लोकांना एकमेकांच्या चुका बघायची सवय झाली, की मग तास पाहा. तोही जपानी शिक्षकांच्या रीतीने. तिथे 'जुग्यो केन्क्यू' म्हणून जुनी प्रथा आहे. काही शिक्षक मिळून एक धडा आखतात, त्यातला एक तो शिकवतो, बाकीचे, कधी इतर शाळांतलेही, वर्गात उभे राहून पाहतात. पाहायचं ते मुलांकडे. कुठे पेन्सिल थांबली, कुणी शेजाऱ्याचं पाहून लिहिलं, कुणाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. नंतर चर्चा होते ती धड्यावर, आणि धडा सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे तो फसला तर सगळ्यांचा फसतो. शिकवणाऱ्या एकट्याचा पंचनामा होत नाही. आपल्याकडे तास पाहणं म्हणजे मागच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत शेरा मारणं. तुमच्या शिक्षकांना भीती वाटत असेल तर ती त्या शेऱ्याची आहे. पहिल्याच बैठकीत जाहीर करा की यातलं एक अक्षरही कुणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, आणि मग ते खरंच जाऊ देऊ नका.

विज्ञानाचा शिक्षक दोन शाळांत मिळून वापरण्याची कल्पना कधीतरी पुढे येईल. तुमची अडचण पाहता तिचा मोह होईल. पहिल्या वर्षी टाळा. पगार कुणी द्यायचा, रजा कुणी मंजूर करायची, प्रयोगशाळेत काही झालं तर जबाबदार कोण, या प्रश्नांत दोन्ही कार्यालयं इतकी अडकतील की कृतिपत्रिकांचं प्रकरण त्यापुढे किरकोळ वाटेल.

त्या प्रकरणाकडे आता येतो, कारण मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिथलं वाटलं. "आम्ही भांडलो नाही. नुसतं येणं-जाणं बंद केलं."

भांडायला हवं होतं, बाई.

रॉबर्ट अॅक्सेलरॉड नावाच्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास एक गमतीची स्पर्धा भरवली होती. दोन खेळाडू, दर फेरीला प्रत्येकाने सहकार्य करायचं की दगा द्यायचा ते ठरवायचं, आणि हा खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा. त्याने तज्ज्ञांकडून संगणकाचे प्रोग्राम मागवले आणि त्यांना आपसांत लढवलं. मोठमोठे धूर्त प्रोग्राम आले होते. जिंकला तो सगळ्यात लहान, अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला 'टिट फॉर टॅट', आपल्या भाषेत 'जशास तसे'. त्याचा नियम असा: पहिली खेळी नेहमी सहकार्याची, नंतर समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच आपण करायचं. दगा दिला तर लगेच पुढच्या फेरीत उत्तर, तो सुधारला तर आपणही लगेच सुधारायचं. निकाल जाहीर करून पुन्हा स्पर्धा भरवली, या वेळी ६२ प्रोग्राम आले, आणि पुन्हा तोच जिंकला.

यातली जी गोष्ट सहसा सांगितली जात नाही ती तुमच्या संस्थाचालकांना मुद्दाम सांगा. या प्रोग्रामने कोणत्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवले नाहीत. मिळवूच शकत नाही, त्याची रचनाच तशी आहे. फार तर बरोबरी होते, नाहीतर किंचित मागे. तरी बेरजेत तो सगळ्यांच्या पुढे गेला, कारण हुशार प्रोग्राम एकमेकांना ओरबाडत बसले आणि हा जिथे गेला तिथे दोघांचंही भलं करून आला. शेजारच्या शाळेपेक्षा आपण वर आहोत की नाही, एवढ्यावर डोळा ठेवणारी शाळा एकेक सामना जिंकते. बेरीज कुणी पाहत नाही.

संगणकाचे प्रोग्राम आणि माणसं यात अंतर आहे, कबूल. पण तुमच्या बाबतीत चुकलं काय ते यातून स्वच्छ दिसतं. पहिली खेळी तुमच्या शाळेने चांगली केली, कृतिपत्रिका दिल्या. तिकडून दगा झाला. त्यावर त्याच आठवड्यात फोन करून, "ही आमच्या शिक्षकांची मेहनत आहे, माहितीपत्रकात त्यांचं नाव घाला किंवा ते पान काढा", असं सरळ सांगायला हवं होतं. तुम्ही गप्प बसलात आणि तीन वर्षं दार लावून घेतलंत. म्हणजे उत्तर उशिरा दिलंत, न बोलता दिलंत, आणि गरजेपेक्षा फार मोठं दिलंत. समोरच्याला कदाचित आजही ठाऊक नसेल की तुम्ही का रागावला आहात. नव्या मुख्याध्यापकांना तर नसेलच. त्यांना सांगा. पहिल्या भेटीत, शांतपणे, ते माहितीपत्रक हातात घेऊन. ते काय म्हणतात यावरून तुम्हाला माझ्या अख्ख्या उत्तरापेक्षा जास्त कळेल.

शिक्षिका तिकडे गेली ते मात्र या खात्यात धरू नका. माणूस चांगली नोकरी शोधतो. ती का गेली हे तिला जाताना कुणी विचारलं होतं का? तुमच्या बैठकीत कुणीतरी "एकमेकांचे शिक्षक घ्यायचे नाहीत, असं लिहून घ्या" असा मुद्दा काढेलच. तो मान्य करू नका. शिक्षकांच्या पाठीमागे त्यांच्या पायात बेडी घालणारा करार करून त्याच शिक्षकांकडून मनमोकळ्या सहकार्याची अपेक्षा कशी ठेवणार?

फीबद्दलही दोन शाळांत एक शब्द नको. ब्रिटनमध्ये २००६ साली तिथल्या 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग' या नियामक संस्थेने ५० खासगी शाळांना स्पर्धा कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी धरलं आणि दंड केला. त्या शाळा पुढच्या वर्षी फी किती वाढवणार याची माहिती गुपचूप एकमेकींना देत होत्या. त्यांनाही ते सहकार्यच वाटत असणार. पालकांच्या खिशाविरुद्ध दोन शाळा एक झाल्या तर त्याला दुसरं नाव आहे. कोणती मुलं कुणी घ्यायची याची वाटणीही त्यातच मोडते.

आणि वेळ. सहकार्य मरतं ते बहुतेक वेळा भांडणाने मरत नाही, वेळापत्रकात तास नसल्याने मरतं. भारतात १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने जवळच्या शाळांनी मिळून शाळासंकुल म्हणून काम करावं अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला तीच कल्पना पुन्हा मांडावी लागली, आणि आधीची शिफारस अमलात आली नाही असंही त्यात नमूद करावं लागलं. पन्नासहून जास्त वर्षं गेली, कल्पनेला विरोध करणारा कुणी भेटत नाही. न्यूझीलंडने २०१४ मध्ये शाळांचे गट करायचं ठरवलं तेव्हा दुसऱ्या शाळांत जाऊन काम करणाऱ्या शिक्षकांना त्यासाठी ठरलेला मोकळा वेळ आणि जास्तीचा मोबदला देण्याची तरतूद केली. तुमच्याकडे तेवढा पैसा नसेल. पण दोन्ही शाळांच्या वेळापत्रकात गणिताच्या शिक्षकांना आठवड्यातला एकच शेवटचा तास एकाच दिवशी मोकळा ठेवणं, हे तुमच्या हातात आहे. शाळा सुटल्यावर, "जमेल तसं", असं ठेवलंत तर दिवाळीपर्यंत सगळं थांबलेलं असेल.

बैठकीत एका पानाचा कागद ठेवा. त्यावर काय करणार (सहावीचं गणित, विज्ञानाच्या दोघांचं पंधरवड्याचं बसणं, मध्येच शाळा बदलणारी मुलं), काय करणार नाही (प्रवेश, फी, शिक्षकांच्या नेमणुका), दिलेल्या साहित्यावर करणाऱ्याचं आणि त्याच्या शाळेचं नाव राहील, जाहिरातीत वापरायचं तर आधी लेखी विचारलं जाईल, आणि संपण्याची तारीख. तारीख विसरू नका. एका शैक्षणिक वर्षानंतर हे आपोआप संपेल, चालू ठेवायचं तर पुन्हा दोघांनी हो म्हणायचं. संस्थाचालकांना कायमच्या गोष्टींची भीती असते, वर्षभराच्या प्रयोगाची नसते. निकाल किती टक्क्यांनी वाढेल असं विचारलं तर आकडा देऊ नका. एका वर्षात तो या कामाने हलला की दुसऱ्या कशाने, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीला २/५ लिहिणारी किती होती आणि शेवटी किती उरली, तेवढं मोजून दाखवीन म्हणा.

राहिली तुमच्या ता. क. ची गोष्ट. जा तुम्ही त्यांच्याकडे. फोन त्यांनी केला, म्हणजे पहिली खेळी त्यांची झाली, आता तुमची. शाळा भरलेली असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. पर्यवेक्षकांना सोबत न्या, कमीपणा येतो का ते त्यांनाच पाहू दे. पिशवीत ते जुनं माहितीपत्रक असू द्या, आणि तुमच्या सहावीच्या शेवटच्या चाचणीतल्या, नावं झाकलेल्या, सगळ्यात वाईट दहा उत्तरपत्रिका. चांगल्या नेऊ नका.